बाबांच्या गाडीचे पांढरे दिवे

बाबा गेल्यानंतर त्यांची गाडी पहिल्यांदा संध्याकाळची बाहेर काढली, तेव्हा मला कळलं की त्यांचे डोळे चांगले होते.

दिवसकार्य नुकतंच आटोपलं होतं. आईला बेलपाड्याला मावशीकडे जायचं होतं. मावशी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला पनवेलला येता आलं नव्हतं आणि दोघी बहिणींची भेट राहिली होती. जाताना उजेड होता. थंडीचे दिवस, निघेनिघेपर्यंत अंधारून आलं. हायवेचं काम संपता संपत नव्हतं, म्हणून मी बाबांच्या सवयीचा रस्ता धरला, कळंबोलीच्या लोखंड बाजारातला आतला. तिथे वळल्यावर दिवे लावले. समोर काहीच फरक पडला नाही. मला वाटलं, लागलेच नाहीत. उतरून पुढे जाऊन पाहिलं, तर लागले होते. काचेच्या आत निरांजनाएवढा पिवळट उजेड होता आणि तो काचेबाहेर यायला तयार नव्हता.

पुढच्या रिक्षाच्या लाल दिव्यामागे, मान पुढे काढून, मी कशीबशी गाडी घरी आणली. माझे डोळे अजून तरुण म्हणावेत असे. मला जर रस्ता दिसत नव्हता तर बाबांना कुठून दिसणार होता?

आदल्या वर्षी ते म्हणायला लागले होते, "संध्याकाळचं दिसत नाही रे मला हल्ली." डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, पण पिकलेला नाही, घाई करू नका, असंही सांगितलं होतं. मी मात्र घाई केली. एका रविवारी, चहा पिताना, शक्य तितक्या समजूतदार आवाजात म्हणालो, "बाबा, आता संध्याकाळी गाडी नका काढू." त्यांनी वाद घातला नाही. किल्ली दारामागच्या खिळ्याला लावली आणि पुन्हा बशीत चहा ओतला. गाडीचे दिवे एकदा पाहून येऊ, हे माझ्या मनात आलं नाही. त्यांच्याही आलं नाही. वय झालेल्या माणसाला दिसत नाही म्हटल्यावर दोष डोळ्यांचाच असणार, हे आम्हा दोघांनाही इतकं साधं वाटलं होतं.

संध्याकाळची गाडी बंद झाली म्हणजे काय बंद झालं, ते सांगायला हवं. बाबा आयुष्यभर लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर कारकून होते. ट्रक भरून यायचा, काट्यावर उभा राहायचा, बाबा खिडकीतून आकडा लिहून द्यायचे. पंजाब, राजस्थान, बिहार, कुठकुठले ड्रायव्हर त्यांना बाबूजी म्हणायचे. निवृत्तीनंतरही आठवड्यातून एखाददुसऱ्या संध्याकाळी ते तिकडे जात, ड्रायव्हरांच्या खाटेवर बसत, कटिंग चहा घेत आणि जेवायच्या वेळेला परत येत. मी एकदा सुचवलं होतं, रिक्षाने जा. तर म्हणाले, "रिक्षातून जाऊन काय करू? गाडी दिसायला पाहिजे त्यांना."

गाडी दिसायची खरी. जुनी, चौकोनी, मळक्या पांढऱ्या रंगाची, आणि डावा पुढचा दरवाजा गडद निळा. कधीतरी एका ट्रेलरने तो दरवाजा चेपला होता आणि बाबांनी भंगारातून दुसऱ्या गाडीचा आणून बसवला होता. रंग द्यायचं राहून गेलं आणि मग ती त्या गाडीची खूणच झाली. हा दरवाजा आतून उघडत नसे. त्या बाजूला बसणारी आई गाडी थांबली की बाबा फिरून येऊन दार उघडेपर्यंत राणीसारखी बसून राहायची.

ती निळ्या दाराची गाडी बाजारात शिरली की समोरून येणारे ट्रक डिपर द्यायचे. मोठे दिवे दोनदा उघडझाप करायचे. बाबाही दोनदा करायचे. एवढाच नमस्कार. लहानपणी मी मागच्या सीटवर पुस्तकात डोकं घालून बसलेला असे. मान वर केली की ही देवाणघेवाण चाललेली आणि आईच्या तोंडाचा पट्टा सुरू, "समोर बघा हो. नमस्कार-चमत्कार घरी जाऊन करा." बाबा म्हणायचे, "समोरच बघतोय. समोरच्यालाच करतोय."

त्या पहिल्या संध्याकाळी मात्र एकाही ट्रकने डिपर दिला नाही. आई सारा रस्ता समोर डोळे लावून होती. घराखाली मी तिच्या बाजूचं दार उघडलं, तेव्हा उतरता उतरता ती म्हणाली, "एकानेसुद्धा ओळखलं नाही."

बाबा गेल्यापासून ती स्वतःहून बोललेलं हे जवळजवळ पहिलंच वाक्य होतं.

दिवे बदलायचे मी त्याच रात्री ठरवलं. घरातल्या ट्यूब काढून एलईडी लावायचं ते वर्ष होतं, आमच्या इमारतीत प्रत्येक खिडकी एकेक करून पांढरी होत होती. गाड्यांनाही तसले दिवे बसतात एवढं मला ठाऊक होतं. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी, त्यामुळे कुठल्याही गोष्टीबद्दल आधी वाचायचं ही माझी सवय. पण या बाबतीत मी काही वाचलं नाही. मला वाचायचं नव्हतं. मला भरपूर उजेड हवा होता आणि तो लगेच हवा होता. बाबांना जो मिळाला नाही तो सगळा उजेड एकदम.

एसटी स्टँडच्या बाजूला गाडीची सीट कव्हरं, हॉर्न, काचेला लावायच्या जाळ्या असलं सगळं विकणारं एक दुकान होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलका. त्याने बॉनेट उघडून आत पाहिलं.

"सर, हे बल्ब तुमच्या जन्माच्या आधीचे आहेत."

"गाडी माझ्या वडिलांची आहे."

"मग त्यांच्या जन्माच्या आधीचे."

मी हसलो. बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मी रस्त्यात उभा राहून हसलो, हे हसत असतानाच टोचलं.

"एलईडी टाका," तो म्हणाला. "घरात लावलेत ना? मग गाडीने काय घोडं मारलंय?"

चहा येऊन संपायच्या आत त्याने जुने बल्ब काढून नवे बसवले. काच, बल्बमागची उजेड पुढे फेकणारी वाटी, सगळं तेच ठेवलं. "दाबा बटण," म्हणाला. मी दाबलं. रस्त्यापलीकडे केशकर्तनालय होतं. त्याचा आरसा, खुर्ची, खुर्चीतलं फेस लावलेलं गिऱ्हाईक, सगळं एकदम पांढरंफेक झालं. न्हावी टॉवेल तोंडासमोर धरून ओरडला, "ओ शेठ! डोळे काढताय का? बंद करा!"

"बघा सर," दुकानदार म्हणाला, "रिझल्ट तिकडून आला."

मला अभिमान वाटला. जुने बल्ब तो टोपलीत टाकणार होता, ते मी मागून घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले. बाबांनी लावलेले होते, म्हणून.

पुढच्या खेपेला बेलपाड्याहून परतताना लोखंड बाजारातला रस्ता दिवसासारखा स्वच्छ दिसत होता. खड्डे, कडेला पडलेल्या सळ्यांची टोकं, कुत्री, सगळं. "केवढा उजेड हा," आई म्हणाली. तेवढ्यात समोरून एक लांबलचक ट्रेलर आला आणि त्याने डिपर दिला. दोनदा. थोडा जवळ आल्यावर पुन्हा दोनदा.

आई सीटवरून पुढे सरकली.

"ओळखलंन," ती म्हणाली. "ओळखलंन गाडीला."

तो गेला, मागून दुसरा आला, त्यानेही दिला. मग एक टेम्पो, मग पुन्हा ट्रक. दिवे मंद होते म्हणून गाडी कुणाला दिसत नव्हती. आता दिसली आणि लोकांना बाबूजी आठवले. माझा हिशोब एवढा सरळ होता. मीही दोनदा उत्तर देऊ लागलो, म्हणजे आधीच पांढरे असलेले दिवे आणखी वर करून त्यांच्या तोंडावर मारू लागलो. आईने पदर सावरला आणि समोरच्या काचेशी हात वर केला, मिरवणुकीतल्या माणसांना करतात तसा.

त्या खेपेपासून ती बोलायला लागली. हा बहुतेक तो लुधियानाचा असेल, ह्यांना दिवाळीला पिन्नीचे लाडू आणून द्यायचा तो. हा नवा दिसतो, पण जुन्यांनी सांगितलं असेल. बाहेर जायचं म्हटलं की दुपारपासून तयारी. कपाटातली चांगली साडी बाहेर निघाली. मावशीकडे पोचली की पहिला विषय तोच.

"अजून सलाम करतात गं गाडीला. ह्यांच्या मागे."

मावशी पडल्या पडल्या म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला मेल्यावरही सलाम. माझ्याला जिवंतपणी शेजारी ओळखत नाहीत."

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले काका म्हणाले, "ओळखतात गं. म्हणून तर दार लावून घेतात."

आई हसली. तोंडावर पदर धरून, पण आवाज करून हसली. तिला हसताना पाहून मला आधी बरं वाटलं, आणि मग का कोण जाणे, चोरी केल्यासारखं वाटलं.

आमच्या घराजवळ, बाजारपेठेत, चाचांचं काचसामानाचं दुकान आहे. कपबश्या, ग्लास, लोणच्याच्या बरण्या. चाचा मूळचे कोकणातले, तरुणपणी बरीच वर्षं आखातात होते, परत येऊन दुकान टाकलं. बाबांचे ते मित्र. बाबा गेल्यापासून दर रविवारी सकाळी खजुराचा पुडा घेऊन येत, आईशी थोडं बोलत आणि जात. त्या रविवारी ते आले ते उजवा हात गळ्यात अडकवून. मनगटाला प्लास्टर.

"हे काय करून घेतलंत?" आई म्हणाली.

"काही नाही भाभी. म्हातारपणी पोरांसारखे खेळ." ते बसले, डाव्या हाताने कप उचलला. "परवा तळोज्याला लेकीकडे गेलो होतो. स्कूटरवरून परत येत होतो, तर कळंबोलीत काट्याच्या रस्त्याला समोरून तुमची गाडी—"

"आमची गाडी दिसली तुम्हाला?" आईचा चेहरा एवढा उजळला की चाचा थांबले. "मग तुम्हीपण डिपर दिला असेल. सगळे देतात. ह्यांना अजून विसरले नाहीत हो कोणी. गाडी दिसली की दोनदा. मी हात करते सगळ्यांना."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. तोंडातला चहा त्यांनी बराच वेळ गिळला नाही.

"दिला ना, भाभी," ते म्हणाले. "दिला. दोनदा कशाला, चार-पाच वेळा दिला."

"बघ," आई मला म्हणाली. मग तिला हात आठवला. "आणि हे?"

"हे पुढे झालं. वाळू पडली होती, घसरलो. उमर झाली भाभी, दुसरं काय."

निघताना म्हणाले, "बेटा, चल जरा खालपर्यंत." खाली गाडीपाशी आल्यावर त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी हेडलाइटच्या काचेवर टकटक केलं.

"हे काय लावलंयस? सर्कस आणलीस काय?"

मी काचेवरची धूळ पुसू लागलो.

"मला आधी वाटलं कंटेनर आहे. मग वाटलं रेल्वेच रस्त्यावर आली. डिपर देतोय, हॉर्न मारतोय, या अल्ला, हा माणूस दिवे खाली करेल तर शपथ. उलटा तू वर करतोस! रस्ता दिसेना, कडा दिसेना. सगळं सफेद. ही चौकोनी गाडी बाजूने गेली तेव्हा समजलं कोण ते. तोवर मी आडवा."

"आम्ही थांबलो नाही," मी म्हणालो.

"तुला काय दिसणार मागचं. पण भाभी दिसली मला काचेतून. हात करत होती."

मी विचारलं, "मग ते ट्रकवाले?"

"शिव्या घालतायत, बेटा. काच बंद असते तुझी, म्हणून सलाम वाटतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "भाभीला नको सांगू. किती दिवसांनी तोंड उघडलंय तिने. पण हे काढ. कसं करायचं ते तू बघ, शिकलेला माणूस आहेस."

वर पाहिलं, आई बाल्कनीत उभी होती. चाचांनी तिला डावा हात केला आणि बाजाराच्या दिशेने चालू लागले.

त्याच दिवशी दिवे काढून टाकले असते तर हे सगळं लिहायची गरज पडली नसती. मी दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "वर मारतायत थोडे, खाली बसवून देतो," आणि त्याने मागचे स्क्रू फिरवले. "आता कुणाचा बाप काही बोलणार नाही." मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. दिवे काढले की डिपर बंद होणार, आणि डिपर बंद झाले की आई पुन्हा मुकी होणार, एवढंच मला दिसत होतं. चाचांचं प्लास्टरही दिसत होतं. पण ते आता घडून गेलेलं होतं आणि आईचं हसणं अजून चालू होतं.

पुढच्या खेपेला पुन्हा बाजारातून निघालो. पहिला ट्रक आला आणि त्याने डिपर दिला. दोनदा, मग लांबलचक एकदा. आईने हात केला. आणि मला काय वाटलं, तर सुटलो. भीती नंतर वाटली, आधी वाटलं ते हेच, की सुटलो, अजून देतायत. ट्रकमागून एक बाई स्कूटीवरून येत होती. तिने हँडलवरचा एक हात काढून डोळ्यांवर धरला. मी गाडी अगदी कडेला घेतली, वेग बैलगाडीचा केला. ती गेली. सुखरूप गेली. घरी येईपर्यंत आई शेजारी बसून कुठल्याशा ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगत होती. बाबा त्या लग्नाला भटिंड्यापर्यंत गेले होते म्हणे.

आमच्या इमारतीच्या आवारात तोंड भिंतीकडे करून गाडी लावावी लागते. दिवे तसेच ठेवून मी उतरलो आणि आईचं दार उघडायला पुढून फिरून जायला निघालो. भिंत पाहिली आणि थांबलो. उजेड खाली बसलेला नव्हताच. भिंतभर, भिंतीवरच्या काचांच्या तुकड्यांवर, पलीकडच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुठेही जात होता. त्याला काठ नव्हता. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि गाडीकडे पाहिलं.

गाडी नव्हती. दोन पांढरे गोळे होते आणि त्यांच्या आजूबाजूला काळं. त्या पांढऱ्यामागे, पाच-सहा हातांवर, माझी आई बसलेली आहे, मांडीवर पर्स घेऊन, दार उघडायची वाट बघत, हे मला माहीत होतं. डोळे बारीक केले, हाताने आडोसा केला, मान तिरकी केली. ती दिसली नाही.

"आई?" मी म्हणालो.

"अरे, दार उघड ना," त्या पांढऱ्यातून आवाज आला. "काय करतोयस तिथे?"

दुसऱ्या दिवशी कामावर अर्धा दिवस रजा टाकून मी कळंबोलीतल्या एका गॅरेजमध्ये गेलो. पांढरे बल्ब काढले. त्या मॉडेलचे नवे हेडलाइट, काच आणि वाटीसकट, अजून मिळत होते. बल्बही नवे घालू का, असं विचारल्यावर मला कप्प्यातला कागदाचा पुडा आठवला. बाबांचे जुने बल्ब त्या नव्या वाट्यांत बसवले आणि समोरच्या शटरवर उजेड पाडून उंची नीट करून घेतली. दिवे लावले, तर शटरच्या खालच्या अर्ध्यावर स्वच्छ, पिवळा, भरपूर उजेड. वर रेघ मारल्यासारखा अंधार. बल्बना काहीच झालं नव्हतं. त्यांच्यामागची जुनी वाटी काळवंडून आंधळी झाली होती.

एवढंच काम होतं. बाबा असताना एवढंच काम होतं. चहा पिताना समजूतदार आवाज काढण्याऐवजी एक सकाळ घालवली असती, तर ते शेवटचं सबंध वर्ष खाटेवर बसून कटिंग प्यायले असते.

त्या आठवड्यात मावशीकडून परतताना रस्ता छान दिसत होता. पांढरा नाही, पण पुरेसा. पहिला ट्रक आला आणि निघून गेला. दुसरा गेला. आईचा हात मांडीवरून थोडा वर यायचा आणि परत पर्सवर जायचा. तिसऱ्यानंतर तो वर आला नाही.

"आज काय झालं?" ती म्हणाली.

काट्याच्या वळणावर समोरून एक ट्रेलर येताना दिसला. मी काही ठरवलं नव्हतं. स्टिअरिंगजवळची दांडी दोनदा ओढली. ट्रेलर तसाच येत राहिला, आणि मग, अगदी जवळ आल्यावर, त्यानेही दोनदा दिवे उघडले मिटले.

आईने हात वर केला आणि तो अर्ध्यातच राहिला.

"तू दिलास आधी."

"हो."

बाजार संपला, पुलाखालून आम्ही बाहेर आलो, मग ती म्हणाली, "हेही तसंच करायचे. समोरून ट्रक दिसला की आधी ह्यांचा हात दांडीवर. म्हणून तर मी ओरडायचे." पुढे तिचा आवाज बदलला. "मग इतके दिवस ते आपणहून कसे देत होते?"

भाभीला सांगू नको, हे चाचांचं म्हणणं मला आठवत होतं. पण हा प्रश्न तिने मला विचारला होता.

"त्यांच्या डोळ्यांवर येत होतं, आई. दिवे खाली कर, असं सांगत होते ते."

मी वाट पाहत होतो की ती मला बोलेल, ओरडेल. ती समोरच्या पिवळ्या रस्त्याकडे बघत होती.

"चाचा," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "कोणीतरी स्कूटरवाला होता. मी हात केला होता त्याला."

खरं सांगितलं की आपल्या मनावरचं ओझं कमी होतं असं मी धरून चाललो होतो. माझं तेवढंच राहिलं. फक्त तिच्याकडेही तेवढंच गेलं.

"बाजारातून घे गाडी," ती म्हणाली.

चाचांचं दुकान उघडं होतं. कुठल्याशा हॉटेलची ऑर्डर असावी. कपबश्या मांडून ते एका हाताने वर्तमानपत्रात गुंडाळत होते. कागद धरावा तर कप निसटत होता. आई पायरीवर उभी राहिली.

"खोटं बोललात तुम्ही माझ्याशी."

चाचांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"खोटं नाही, भाभी," ते म्हणाले. "डिपर दिला होता मी. खुदाकसम दिला होता."

आई आत गेली, स्टुलावर बसली आणि तिने त्यांच्या हातातला कप घेतला. कागदाची घडी घातली, कप गुंडाळला, खोक्यात ठेवला. दुसरा घेतला. चाचा नको नको म्हणत राहिले, मग एकेक कप तिच्या पुढे सरकवू लागले. कुणी मला काही सांगितलं नाही. खोकं भरलं की त्याला सुतळी बांधायचं काम मी आपणच घेतलं.

चाचांचा हात बरा झाला. पण दुकानात गेलं की वरच्या फळीवरची बरणी ते डाव्या हाताने काढतात आणि माझी नजर त्या उजव्या मनगटावर जाते. त्यांनाही ते कळतं. "काय बघतोस, चालतोय सगळा कारभार," असं म्हणून ते विषय बदलतात.

मावशीकडे आम्ही अजून जातो. रस्ता तोच. मी डिपर देतो, काही जण उत्तर देतात, काही देत नाहीत. बाबूजींना ओळखणारे त्यांत किती उरलेत, मला माहीत नाही. आई आता हात करत नाही. पर्सवर हात ठेवून समोर बघत बसते. पण काट्याच्या वळणावर समोरून एखादा ट्रक आला आणि मी विचारात असलो, तर ती माझ्याकडे न बघता म्हणते, "दे."

आणि मी देतो.